पत्र्याखालची भेग

पुलाच्या तिसऱ्या खांबाला तडा गेला आणि दोन्ही तोंडांना दगड रचून पूल बंद केला, तेव्हा कुठे गावाला म्हाताऱ्या नावाड्याची आठवण झाली. पूल नवा होता तेव्हा त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. गरज सरो आणि वैद्य मरो, हे तो जन्मभर ऐकत आला होता. मेलेल्या वैद्याला पुन्हा उठवून बसवतात हे त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. कचेरीतला शिपाई दारात उभ्या उभ्या सांगून गेला, की एक तारखेला साहेब नाव बघायला येतील. नाव धड असली तर पूल दुरुस्त होईपर्यंत माणसं पार करण्याचं काम नावाड्याच्या घरात. नसली तर वरच्या वळणावरचा नाववाला टपून बसलेलाच होता.

नाव होती. घरामागे झाडाखाली सतरा वर्षं पालथी पडलेली फायबरची नाव. तिच्यावर शेवाळ चढलं, वाळलं, पुन्हा चढलं. कोंबड्या तिच्यावर बसून दिवस काढत. कडेखाली मुंग्यांनी आपलं गाव वसवलं होतं. मूळचा निळा रंग कुठे होता हे सांगायला नावाडीच लागला असता. तळाच्या मधोमध हातभर लांबीचा एक गंजका पत्रा ठोकलेला होता. त्या पत्र्याखाली खडकानं पाडलेलं भोक आहे, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. खडक का लागला, हेही ठाऊक होतं. नावाड्याची पोर पुढे बसून पाणी बघत होती, तिला तो दिसला नाही.

पोर तेव्हा बारा वर्षांची होती. आता तिचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, आणि दोन महिन्यांपूर्वी ती नवऱ्याला घेऊन बापाच्या घरी राहायला आली होती. नवरा ज्या कारखान्यात फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवायचा तो बंद पडला होता. नावाडी त्याला तोंडावर ‘जावईबापू’ म्हणे आणि पाठीमागे ‘टाकीवाला’.

नावाड्याला जावयाचा हेवा वाटत होता. हे त्याचं त्याला कळत होतं, आणि सासऱ्यानं जावयाचा हेवा करणं किती हसण्यासारखं आहे हेही कळत होतं. पण कळून काय होतं? भूक लागल्याचं कळलं म्हणून पोट भरत नाही. बिनआईची ही पोर त्यानं नावेतच वाढवली होती. त्यानं दोर फेकावा आणि तिनं न बघता झेलावा. आता तीच पोर सकाळी उठली की आधी नवऱ्याच्या चहाला उकळी आणे, आणि बापाला विचारे, “बाबा, तुम्ही नंतर घेणार ना?” नंतर घेणार असं तो कधीच म्हणाला नव्हता.

पहिल्या दिवशी नाव धुवायला काढली. नावाड्यानं खुरपं घेतलं आणि शेवाळावर असं चालवलं, की जणू साहेब एक तारखेला नव्हे, संध्याकाळीच येणार होता. शेवाळाबरोबर खालचा पापुद्रा निघाला आणि पांढरे चरे उमटले.

“मामा, लोखंड नको,” जावई म्हणाला. आवाज मऊ होता, तेच नावाड्याला जास्त लागलं. “वरची कातडी फाटते तिची. ही लाकडाची फळी घ्या. पाणी मारायचं, भिजू द्यायचं, मग सरकवायची.”

“मी नावा धूत होतो तेव्हा तुम्ही दुपट्यात होतात, जावईबापू.”

“त्या लाकडाच्या असतील, मामा.”

पोरीनं पुढे होऊन बापाच्या हातातलं खुरपं काढून घेतलं. भांडण न करता, लहान मुलाच्या हातून कात्री घ्यावी तसं. नावाडी फळी घेऊन दुसऱ्या बाजूला गेला आणि दिवसभर कोंबड्यांची घाण खरवडत बसला.

कुंपणापलीकडून शेजारी बघत होता. त्याला गावात रेडिओ म्हणत, कारण त्याचं बंद करायचं बटण कुणालाच सापडलं नव्हतं.

“काय नावाडी, जावई कामाचा निघाला की!” रेडिओ ओरडला. “नाहीतर आमचा. त्याला खाट हलवायला सांगितली तर त्याच्यासकट हलवावी लागते.”

नावाडी खरवडत राहिला. रेडिओचा आळशी जावई त्याला त्या घटकेला फार आवडला.

दोन दिवसांनी नाव उघडी पडली. रंग उडालेला, अंग खडबडीत, आणि जागोजागी बोराएवढे फोड. जावयानं एक फोड खिळ्यानं फोडला. आतून पिवळट पाणी आलं आणि शिळ्या लोणच्यासारखा आंबूस वास सुटला.

“पाणी प्यायली आहे,” तो म्हणाला. “हे सगळे फोडायचे, आतून वाळवायचं, मग भरायचं. ओल राहिली तर वर काहीही लावा, पुन्हा फोड येणार.”

मग त्यानं हातोडीच्या लाकडी दांड्यानं नाव ठोकायला सुरुवात केली. ठोकायचं, कान लावायचा, पुढे सरकायचं. चांगल्या जागी टणटण वाजे. आतले थर सुटलेले असतील तिथे आवाज बसका येई, तिथे तो खडूनं गोल काढी. पोर शेजारी उकिडवी बसली होती. थोड्या वेळानं तिनंही दांडा घेतला. डोळे मिटून ऐकायची, आणि “इथे?” म्हणून बघायची. नवरा मान हलवायचा. जसं तिनं कधीकाळी नावेच्या टोकावर बसून पाण्याकडे बघावं आणि मागे वळून बापाला विचारावं, “इथे खोल आहे ना?”

नावाड्याला राहवलं नाही. “द्या इकडे. मला काय कान नाहीत?”

कान होते, पण ते आता नुसते शोभेला होते. त्यानं चार ठिकाणी ठोकलं. चारही ठिकाणी त्याला सारखंच वाजल्यासारखं वाटलं. शेवटी त्यानं अंदाजपंचे एका जागी खडूनं मोठा गोल काढला आणि दांडा परत दिला. जावयानं तिथे हळूच ठोकून पाहिलं. टणटणीत वाजलं. जावयानं तो गोल पुसला नाही. पोरीला वाटलं तो विसरला, म्हणून तिनं ओल्या फडक्यानं पुसून टाकला.

“बाबा, तुम्ही सावलीत बसा ना,” ती म्हणाली.

एक मात्र त्यानं दोघांना बजावलं होतं. “पत्र्याला हात लावायचा नाही. तो मी ठोकलाय, पक्का आहे. त्याच्यावरूनच थर चढवा.”

“मामा, पत्र्यावर फायबर धरत नाही. काढावाच लागेल.”

“बघू.”

“बघू काय, बाबा? ते म्हणतात ना, काढावा लागेल,” पोर म्हणाली. पण म्हणताना ती पत्र्याकडे बघत नव्हती. कामाला लागल्यापासून त्या बाजूला ती एकदाही गेली नव्हती. पालथ्या नावेला वळसा घालायचा झाला तर ती लांबच्या बाजूनं जाई. बारा वर्षांची असताना शाळेत पोरं तिला पाटीवर ठिपका काढून विचारत, “खडक दिसतो का गं?” शिंप्याचं शिवणयंत्र त्या दिवशी नावेबरोबर नदीत गेलं होतं. माणसं छातीभर पाण्यातून चालत बाहेर आली, यंत्र गाळात गेलं. पुढे ती शिंप्याच्या दारावरून जाऊ लागली की तो टाचणी तोंडात धरूनच म्हणे, “सांभाळून हो बाई, उंबरा आहे. दिसला ना?” तेव्हापासून ती कपडे शिवायला दुसऱ्या गावी जाई.

फोड भरायच्या आधी ओल गेली का ते बघायला जावयानं संध्याकाळी एका जागी प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवून ठेवला. सकाळी आतल्या बाजूला दव आलं असलं तर नाव ओली. तीन सकाळी दव आलं. तिन्ही सकाळी नवरा-बायको चहाचे कप घेऊन त्या कागदाशी वाकून बसलेले नावाड्याला खिडकीतून दिसले. चौथ्या सकाळी कागद कोरडा होता. दोघांनी टाळी वाजवली. माझ्या नावेला घाम सुटला नाही याची टाळी, आणि ती वाजवतायत ही दोघं, असं नावाड्याच्या मनात आलं. आपल्या मनाची त्याला लाजही वाटली. पण हेवा लाजेच्या बापाचंही ऐकत नाही.

मग घासणी सुरू झाली. जावयानं कुठूनसं घासायचं यंत्र भाड्यानं आणलं. नाकातोंडाला फडकं, डोळ्यांना चष्मा, अंगात लांब बाह्यांचा सदरा, मनगटांना दोरी. नावाडी उघड्या अंगानं आला.

“मामा, सदरा घाला. ही काचेची धूळ आहे.”

“पाण्यातल्या माणसाला धुळीचं भय दाखवता?”

दुपारपर्यंत तो पांढराशुभ्र झाला. संध्याकाळी त्याला खाज सुटली. आधी कोपरांत, मग मानेवर, मग सगळीकडे. त्यानं कढत पाणी अंगावर घेतलं, तसा तो नाचायचाच बाकी राहिला. पोर धावत आली, आणि तिच्या मागून जावई.

“गरम पाणी कशाला घेतलंत? त्यानं कातडी उघडते, काच आत जाते,” जावई म्हणाला. “बसा इथे. पाठ करा.”

नावाडी पाटावर बसला. जावयानं चिकटपट्टीचं बंडल आणलं. एकेक पट्टी त्याच्या पाठीवर लावायची, दाबायची आणि फर्रकन ओढायची. पट्टीबरोबर काचेचे बारीक धागे निघत आणि पाठीवरचे पांढरे केसही. पोर दिवा धरून उभी होती. सुरुवातीला तिनं ओठ दाबून धरले, मग तिला हसू आवरेना. नवराही हसायला लागला. नावाडी पाठमोरा बसून दोघांचं हसणं ऐकत राहिला. ते चिडवणं नव्हतं हे त्याला कळत होतं. चिडवणं असतं तर त्यानं सहन केलं असतं. दोन माणसं एकमेकांत खूश असली की जसं हसतात तसं ते होतं, आणि त्यात त्याची पाठ तेवढी कामाला आली होती.

दुसऱ्या दिवशी नावेवर खडूचा एकही गोल उरला नाही. सगळ्या जागा घासून, भरून, पुन्हा घासून झाल्या. फायबर चिकटवायच्या रेझिनचा उग्र वास घरभर भरून राहिला होता. अंग तुळतुळीत, फिकट, हात फिरवावासा वाटेल असं. उरला होता पत्रा.

“आज जेवून तो काढतो,” जावई सकाळीच म्हणाला.

दुपारी दोघं जेवायला बसली. नावाड्यानं भूक नाही म्हटलं. पटाशी आणि हातोडी घेऊन तो मागे गेला. ऊन रणरणत होतं. खिळ्यांची डोकी गंजून गेली होती, दोन ठोक्यांत उडाली. त्यानं पटाशी खाली घालून पत्रा उचकटला, आणि डांबराचा वास आला. सतरा वर्षं झाली तरी वास तसाच होता. उन्हानं डांबर मऊ पडलं होतं. भेगेत कोंबलेलं गोणपाट, त्यावर डांबर, आणि गोणपाटाचा जेवढा भाग भेगेला चिकटून राहिला होता त्यावर निळा रंग. नावेचा रंग. तो खरवडायला लागला. जेवढं खरवडी तेवढं बोटांना चिकटे. बोटं कपड्यांना पुसावीत तर कपडे काळे. पाच मिनिटांत त्याचे हात कोपरापर्यंत भरले आणि भेग जशी होती तशीच राहिली.

“मामा, पाणी आणलंय.”

जावई तांब्या घेऊन उभा होता. त्यानं तांब्या खाली ठेवला आणि वाकला. भेगेवरून बोट फिरवलं. सरळ, लांब भेग, कडा कुठे चेचलेल्या नाहीत. मग नखानं गोणपाटावरचा निळा रंग खरवडला. खाली डांबर होतं. सतरा वर्षांत या नावेला कुणी रंगाचा हात लावला नव्हता. म्हणजे डांबर आधीचं. नाव बुडाली त्याच्याही आधीचं. टाक्या बनवणाऱ्याला एवढं कळायला वेळ लागत नाही. त्याला कळलं, आणि त्याला कळलं हे नावाड्याला कळलं.

नावाडी वाट बघत होता. तो काय विचारेल, कसं विचारेल. जावयानं काहीच विचारलं नाही. फडकं रॉकेलमध्ये बुडवून तो मुकाट्यानं भेग पुसायला लागला.

“हात रॉकेलनं धुवा,” एवढंच तो म्हणाला. “ती यायच्या आत.”

ती तेवढ्यात आलीच. ओल्या हातांनी दाराशी थांबली. “काढला पत्रा?”

“काढला,” जावई म्हणाला.

ती पुढे आली नाही. लांबूनच तिनं विचारलं, “केवढं भोक आहे?”

जावई तिच्या आणि भेगेच्या मध्ये उभा राहिला. “अगं, खडक पाण्याखाली हातभर असणार. धारदार. तळालाच लागलाय बघ, टोकाला नाही. पुढे बसलेल्याला तो दिसलाच नसता. तुझ्या जागी मी असतो, बाबा असते, कुणीही असतं, तरी दिसला नसता.”

“खरंच?”

“माझा धंदाच आहे हा. भेग खोटं बोलत नाही.”

पोर पालथ्या बादलीवर बसली. तोंडावर हात घेतला. रडते आहे असं वाटलं, पण हात काढला तेव्हा ती हसत होती, आणि डोळे वाहत होते. तिनं नवऱ्याकडे बघितलं. असं बघितलं, की जणू सतरा वर्षांचं ओझं त्यानं एका हातानं उचलून बाजूला ठेवलंय.

नावाड्याच्या काळजात कुणी पटाशी घातल्यासारखं झालं. ती नजर त्याची होती. ती मिळवायला त्याला एकच वाक्य बोलायचं होतं, सतरा वर्षांत कुठल्याही दिवशी, आणि तो बोलला नव्हता. आता हा टाकीवाला येऊन, फुकटात, तेही खोटं बोलून ती घेऊन गेला. वर आपल्याला वाचवूनही गेला. यापुढे रोज सकाळी चहा घेताना हा समोर बसणार, आणि काही न बोलता सांभाळून घेणार. माणसं पश्चात्तापानं खरं बोलतात म्हणतात. नावाडी खरं बोलला तो निव्वळ हेव्यानं.

“खडक नव्हता.”

“बाबा?”

“नव्हताच खडक. आठ दिवस आधी मी एकट्यानं नाव घाटाच्या दगडांवरून ओढली. तेव्हा चिरली. गोणपाट कोंबलं, डांबर घातलं, वरून रंग मारला. म्हटलं, हंगाम निघेल. मधल्या धारेत ते सुटलं.”

“आणि मी?”

“तू नीट बघत होतीस.”

पोर उठली. लांबच्या बाजूनं नाही, सरळ चालत पत्र्याच्या बाजूला आली आणि नवऱ्याला हातानं बाजूला सारलं. भेगेवर वाकून बराच वेळ बघत राहिली. नखानं तिनंही निळा रंग खरवडला.

“तुम्हाला कळलं होतं?” तिनं नवऱ्याला विचारलं.

“हो.”

“केव्हा?”

“आत्ताच. पाच मिनिटं झाली असतील.”

“बाबांनी सतरा वर्षं, तुम्ही पाच मिनिटं,” ती म्हणाली. “छान.”

“अगं, मला वाटलं तुला बरं वाटेल…”

“वाटलं ना. फार बरं वाटलं.”

नावाडी म्हणाला, “पोरी, माझं चुकलं. तुला मी…”

“मला सांगून काय होणार, बाबा?” तिचा आवाज चढला नव्हता, तो बसला होता. “तेव्हा मला एकटीला कुठे सांगितलं होतंत? घाटावर उभं राहून सगळ्या गावाला सांगितलंत, पोरीला खडक दिसला नाही म्हणून. मी तिथेच ओली उभी होते. आता गावालाच सांगा.”

“सांगतो. उद्या सकाळी…”

“आत्ता. शिंप्यापासून सुरुवात करा.”

“हात तरी धुऊ दे.”

“राहू देत तसेच.” मग ती नवऱ्याकडे वळली. “तुम्ही पण जा.”

“मी कशाला?”

“शिंप्यानं विचारलं भेग कशी होती, तर सांगायला. तुमचा धंदाच आहे ना तो?”

तिनं नवऱ्याच्या गळ्यातलं फडकं ओढून घेतलं, नाकातोंडाला बांधलं, चष्मा चढवला आणि घासायचं यंत्र उचललं. यंत्र कसं धरायचं हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

दोघं बाहेर पडले. जावयालाही बोलणी बसली याचा नावाड्याला आनंद झाला. फार नाही, पण झाला. तो आनंद त्यानं दहा पावलंही भोगला नसेल, तोच कुंपणाचं फाटक वाजलं. रेडिओ चपला पायात सरकवत रस्त्यावर येत होता. त्याच्या तोंडावरूनच कळत होतं, की त्यानं कुंपणाआडून शब्दन् शब्द ऐकला आहे आणि आता त्याला फार घाई आहे.

“अरे, हा आधी पोचेल,” नावाडी म्हणाला, आणि चालायला लागला. गुडघे कुरकुरले. तो तरीही चालला, मग जवळजवळ धावला. जावयानं दंडाला धरायला हात पुढे केला, नावाड्यानं तो झिडकारला. आडव्या बोळातून, धुण्याच्या दोऱ्यांखालून वाकून, दोघं शिंप्याच्या दाराशी पोचले तेव्हा रेडिओ अजून कोपऱ्यावर होता.

शिंपी यंत्रावर बसला होता. त्यानं वर बघितलं. नावाड्याचे कोपरापर्यंत काळे हात बघितले आणि चाकावर हात ठेवून यंत्र थांबवलं. नावाड्याला धाप लागली होती. तोंड उघडत होतं, शब्द फुटत नव्हता. मागून रेडिओची चप्पल ऐकू येऊ लागली.

जावयाला त्याची दया आली. तो पुढे झाला. “काका, त्या वेळी नावेला जे झालं होतं ना, ते…”

नावाड्यानं त्याचा दंड पकडला. सदऱ्यावर पाच काळी बोटं उमटली.

“तू गप,” तो म्हणाला. “सगळं तूच करणार का? हे तरी माझं मला करू दे.”

जावई मागे सरला. नावाड्यानं चौकटीला हात टेकला, श्वास आत घेतला, आणि रेडिओ दारात पोचायच्या आत सांगायला सुरुवात केली.